राबाला काठी

माझा भाऊ नरेशदादा साजगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि ड्यूटी संपवून घरी आला तरी सुपरवायझरच असतो. आमचे वडील, अण्णा, वारले आणि तो आईचा सुपरवायझर झाला. आई एकटी राहायची, दहिवलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या आमच्या बौद्धवाडीत. दादा खोपोलीला आणि मी शेलूला, स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर. दर रविवारी दादा मोटारसायकल काढून आईकडे जायचा आणि घरात काय काय चुकलं ते शोधायचा. शोधणाऱ्याला सापडतंच. एकदा आई गॅसवर दूध ठेवून मागच्या दारी कोंडी नावाच्या मैत्रिणीशी बोलत बसली आणि पातेल्याचा कोळसा झाला. एकदा घराची किल्ली हरवली म्हणून तिनं सगळी वाडी गोळा केली आणि किल्ली तिच्याच कमरेला निघाली. माझं दूध तर आठवड्यातून दोनदा उतू जातं, मला कोणी सुपरवायझर नेमलेला नाही. पण दादानं ठरवून टाकलं की आईचं डोकं आता चालत नाही.

त्या उन्हाळ्यात त्यानं आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं की आणखी काही घडलं तर घराला कुलूप लावायचं, आणि आईनं खोपोलीला नाहीतर माझ्याकडे यायचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई बोलली.

"यंदाचा राब मी भाजनार," ती म्हणाली. "तुमचा बाप भाजायचा तसा. नीट झाला तर परत कुलपाचं नाव काडायचं नाय. नाय झाला तर तू सांगशील तितं येते."

दादा हो म्हणाला. त्याला वाटलं असेल, उन्हातान्हाचं हिच्यानं होणार नाही.

राब म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं तो शेताचा तुकडा भाजून घेणं. शेण, त्यावर झाडांच्या तोडलेल्या पानाफांद्या, त्यावर सुका पाला, गवत असे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि पावसाच्या आधी पेटवायचं. तण मरतं, आणि राखेत रोप तरारून येतं. पण ती आग म्हणजे होळी नव्हे. भडकली तर वरचा पालाच जळतो आणि खालची माती कच्ची राहते. म्हणून वाऱ्याच्या उलट्या बाजूनं काडी लावायची आणि ती धुमसत पुढे सरकेल असं बघायचं. अण्णांचा त्यात हात धरणारा कोणी नव्हता. आई त्यांच्या शेजारी उभी राहून धूर खात आयुष्यभर ते बघत आली होती, पण काडी तिनं कधी लावली नव्हती.

ही कोंडी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली. दोघींनी मिळून घरामागच्या तुकड्यावर थर रचले. कोंडी डोक्यावरून फांद्यांचे भारे आणायची आणि आई ते हातानं दाबून बसवायची. मी फोन केला की मला राबाची उंची सांगायची, जणू इमारत बांधते आहे.

आता सुरमईबद्दल सांगायला हवं. सुरमई आमची मांजर. करड्या अंगावर आडवे पट्टे, आणि मासळीशिवाय दुसरं काही सुचायचं नाही, म्हणून अण्णांनी हे नाव ठेवलं. अण्णा होते तोवर आई तिचा दुस्वास करायची, 'तुमची दुसरी बायको' म्हणायची. अण्णा गेले तेव्हा सुरमई त्यांच्या रिकाम्या खाटेवरून उठेना. आईनं तिला उचलून आपल्या अंथरुणात घेतलं आणि तेव्हापासून त्या दोघी एका गोधडीत. आई फोनवर माझ्यापेक्षा तिच्याबद्दलच जास्त बोलायची, याचा मला थोडा रागही यायचा.

सुरमई व्याली तेव्हा आईचा आवाज नुसता फुलला होता. माळ्यावर गोणपाटात चार पिल्लं होती. "एकाच्या नाकावर काळा डाग हाय," ती म्हणाली, "तुज्या बापाला होता तसाच." मी म्हटलं, एक मला ठेव. ती म्हणाली, तुझ्या पाचव्या मजल्यावर त्यानं काय कबुतरांशी गप्पा मारायच्या का?

पुढच्या आठवड्यात माळा रिकामा. मला लगेच बोक्याचं भय वाटलं, बोके पिल्लं मारतात. आई मलाच ओरडली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, ही वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. ती नेईल तिथे नेऊ द्यायची. मागे फिरायचं नाही, शोधायचं नाही. शोधलं तर ती बिथरते आणि पिल्लांना आणखी लांब नेते, कधी टाकूनही देते. पिल्लांना पाय फुटले की आपणच रांगेनं घरी घेऊन येते. सुरमई दोन वेळा जेवायला घरी येत होती, पोट खपाटीला गेलं होतं, म्हणजे पिल्लं पीत होती. मग काळजी कसली? दादासुद्धा हेच म्हणाला. या एका बाबतीत सुपरवायझरचा वाडीशी वाद नव्हता.

राब भाजायला आईनं रविवार धरला, म्हणजे दादाच्या डोळ्यांसमोर होईल. मी नेरळहून सुका जवळा घेऊन गेले. आईनं नववारी खोचली होती, डोक्याला अण्णांचा टॉवेल बांधला होता. राबाभोवतीचं गवत तिनं आधीच खरवडून काढलं होतं, पाण्याची दोन पिंपं भरून ठेवली होती. दादा सगळीकडे फिरून चुका शोधत होता आणि एकही सापडत नव्हती. मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

वारा पडेपर्यंत आम्ही पडवीत बसलो. मग आईनं अण्णांची काठी घेतली. काडी लावायच्या आधी राबाला काठी मारायची, ही अण्णांची रीत. उन्हाळाभर त्या थरांत कोण कोण येऊन राहिलेलं असतं, त्यांना निघायला सांगायचं. आई राबाभोवती फिरत काठी मारत गेली. दणादण नाही, दार वाजवावं तशी. उंदीर पळाले. सरडे पळाले. एक लांबलचक धामण निघाली आणि बांधावरून सळसळत गेली. कोंडी हसून तिला म्हणाली, "जा बाय, तुजं घर मोडलं. दुसरं बग." आई पुन्हा एक फेरी मारून आली. आता काहीच निघालं नाही. तिनं थांबून कान दिला, तेही मी पाहिलं.

मग तिला मांजरीची आठवण झाली. सुरमई मध्ये येऊन भाजून घेईल म्हणून तिनं दादाला घरात बघायला पाठवलं. सुरमई चुलीपाशी जवळा खात होती. दादानं पुढचं दार आतून लावलं, मागचं दार बाहेरून ओढून कडी घातली आणि येऊन सांगितलं, आहे आत.

आईनं काडी लावली.

काय सुंदर पेटला तो राब. ज्वाळा नाहीतच, नुसता दाट पांढरा धूर आणि खालून धुमसत पुढे सरकणारी लाल रेघ. आई काठीनं माती ओढून घ्यायची, कुठे जास्त धगधगलं की पाण्याचा हबका मारायची. दादा हाताची घडी घालून उभा होता. शेवटी म्हणाला, जमलं की गं आईला. त्याच्या तोंडून हे ऐकायला मी वर्षभर थांबले होते.

घरातून सुरमईचा आवाज येत होता. दारावर नख्यांचा खरखराट चालला होता. मी म्हटलं, धुराला घाबरली बहुतेक. आई म्हणाली, जवळा संपला असेल, खादाड मेली. आम्ही चौघंही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

राब अर्ध्याच्या पुढे गेला तेव्हा मी चहा ठेवायला म्हणून गेले आणि कडी काढली. सुरमई माझ्या पायांमधून सुटली. जनावर आगीपासून लांब पळतं, ही सरळ आगीकडे गेली. राबाच्या कडेनं धावली, वर चढली, तडफडून खाली आली, पुन्हा चढली. एकाच जागी. पंजांनी माती उकरायला लागली आणि जो आवाज तिनं काढला तो मी मांजरीचा कधी ऐकला नव्हता.

सगळ्यांच्या आधी आईला कळलं. तिच्या हातातली काठी पडली. मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते जळतं उपसत होती. दादानं तिला मागून मिठी घालून ओढली तरी तिचे हात चालूच होते.

आम्हाला काय सापडलं ते मी सांगत नाही. चारही होती. डाग कोणाच्या नाकावर होता ते ओळखता येण्यासारखं काही नव्हतं. ज्यांना पळता येत होतं ते काठी ऐकून निघून गेले होते. यांचे अजून डोळे उघडले नव्हते.

कोंडीनं सुरमईला पदरात गुंडाळून तिच्या वाडीवर नेलं, पंजे भाजले होते. आम्ही आईला कर्जतला दवाखान्यात नेलं. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. बाहेर बाकावर दादा मला म्हणाला, बघितलंस? मी सांगत होतो ना, तिचं लक्ष राहत नाही आता. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिनं काय विसरलं होतं? गवत खरवडलं, पाणी भरलं, वारा बघितला, काठी मारली, कान दिला. अण्णा असते तर त्यांच्याही हातून हेच झालं असतं. आणि दाराला कडी कोणी घातली होती? हे सगळं माझ्या ओठांवर होतं. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आई बाहेर आली आणि दादाकडे न बघता म्हणाली, "कुलूप लाव."

ती माझ्याकडे आली. एक पिशवी, दोन लुगडी, भिंतीवरची बुद्धाची तसबीर. सुरमईला तिनं मागितलं नाही. विपुल, माझा नवरा, भला माणूस. त्यानं तिची खाट खिडकीपाशी लावली, कारण तिथून माथेरानचा डोंगर दिसतो. आई डोंगराकडे पाठ करून निजायची.

पट्ट्या सुटल्या तशी ती स्वयंपाकघरात यायला लागली. पहिल्यांदा चहा करायला उभी राहिली तेव्हा तिनं लायटर हातात घेतला आणि ठेवला. मग चमचा घेऊन शेगडीवर टकटक वाजवलं. एका बर्नरपाशी, मग दुसऱ्यापाशी, मग कडेनं. वाकून खाली बघितलं. कान दिला. त्यानंतर गॅस पेटवला. मी दारात उभी राहून बघत होते. पुढे ते रोजचं झालं. वॉशिंग मशीन लावायच्या आधी ती एकेक कपडा बाहेर काढून झटकायची आणि ड्रमला बोटांनी ठोकायची. कपाट लावायच्या आधीही तेच. एकदा गॅलरीत मी कबुतराच्या काड्या झाडूनं लोटायला गेले तर तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. काड्यांत काही नव्हतं. तरी त्या काड्या राहिल्याच.

दादानं एका रविवारी तिला चमचा वाजवताना पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला हवं. मी त्याच्याशी भांडले, पण खरं सांगते, मीही घाबरले होते. माणूस दुःखानं असं करतं की डोकं फिरल्यानं, हे बाहेरून कळत नाही.

त्याहून वाईट एक गोष्ट होती, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. आमच्या घरी संध्याकाळी वंदना होते. आई लहानपणापासून रोज म्हणत आलेली. शेलूला आल्यावर पहिल्या दिवशी ती माझ्याबरोबर उभी राहिली, त्रिशरण म्हणाली आणि पंचशीलापाशी गप्प झाली. पहिलं शील प्राणिहत्येचं. जीव घेण्यापासून मी दूर राहीन. मी एकटीनंच ते म्हटलं. दुसऱ्या शीलापासून तिचा आवाज पुन्हा माझ्यात मिसळला. रोज असंच होत राहिलं. पुढे पुढे तिचं ते गप्प उभं राहणं मला सोसेना, म्हणून मीही सरळ दुसऱ्यापासून सुरू करायला लागले.

मिरगाचा पाऊस तोंडावर आला तेव्हा कोंडीचा फोन आला. मी स्पीकर लावून दिला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि कोंडी म्हणाली, "मालनबाय, तुमची मांजर माज्याकडं राहत नाय. पाय बरं झालं तशी पळाली. राबात जाऊन बसते. त्याच जागंवर. मी भाकर नेऊन टाकते तर खाते, पन उटत नाय."

कोंडीला वाटलं फोन कटला, ती हॅलो हॅलो करायला लागली. मग आईनंच फोन माझ्याकडे सरकवला. त्या दिवशी ती जेवली नाही. डोंगराकडे तोंड करून बसली होती, ते मात्र मी पाहिलं.

दिवे लागायच्या वेळी ती म्हणाली, "दर्शे, तिची पोरं गेली नि ती तितंच बसून हाय. मी हितं पाचव्या मजल्यावर येऊन लपलेय. उद्या मला घरी ने."

किल्ली दादाकडे होती. मी फोनवर भांडायच्या तयारीनं होते, पण त्यानं वाद घातला नाही. सकाळी आम्ही वाडीत पोचलो तर तो आमच्या आधी येऊन मागच्या पायरीवर बसला होता. कुलूप उघडलं नव्हतं. त्यानं मागच्या दाराकडे बोट दाखवलं. लाकडावर खालच्या अंगाला नख्यांचे ओरखडे होते, आतून सुरू होऊन फटीतून बाहेरच्या कडेपर्यंत आलेले. तो किती वेळ तिथे बसून ते बघत होता कोण जाणे. सुपरवायझर त्याच्यात कुठेच दिसत नव्हता.

"आई," तो म्हणाला, "कडी मी घातली होती."

"ठाव हाय," आई म्हणाली. "काडी मी लावली."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. आई त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ते गुलाबी पडलेले, नव्या कातडीचे हात. थोड्या वेळानं त्यानं खिशातून किल्ली काढून तिला दिली. आईनं ती कमरेला खोचली. कुलपाचं नाव त्यानं काढलं नाही, आणि मीही कधी काढणार नाही.

सुरमई राबात बसली होती. काळ्या मातीत करडी, नुसती हाडं उरली होती. आम्हाला बघून उठली नाही. आई बांधावर बसली, पिशवीतला जवळा काढून तिनं एका दगडावर ठेवला आणि मागे सरकली. बऱ्याच वेळानं सुरमई आली, आईच्या हाताच्या अंतरावर खाल्लं आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. आईनं तिला उचलायचा प्रयत्न केला नाही. मला वाटलं होतं ती आईच्या मांडीत येऊन बसेल. तसं झालं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

आभाळ भरून यायला लागलं होतं. राबात बी पडायला हवं होतं. आईनं सुपात भाताचं बी घेतलं, बांधावरून खाली उतरली आणि पहिलं पाऊल राखेत टाकताना थांबली. मी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. ती उतरली. मूठमूठ बी टाकत ती एका कडेपासून चालत गेली, दादा मागून फावड्यानं माती ओढत गेला. मांजर बसली होती तिथवर आली तेव्हा आई तिला न उठवता वळसा घालून पुढे गेली. तेवढा तुकडा बिनपेरलेला राहिला. दादानंही तिथे फावडं लावलं नाही.

मी त्या दिवशी राहिले. दादाही राहिला. संध्याकाळी आईनं चुलीपाशी जाऊन सरपणावर काठी वाजवली, खाली वाकून बघितलं आणि मगच जाळ केला. दादानं ते पाहिलं आणि यावेळी नुसतं एक लाकूड तिच्या हातात दिलं. मागचं दार तिनं सताड उघडं ठेवलं होतं.

तसबीर जागेवर लावून आम्ही तिघं वंदनेला उभे राहिलो. त्रिशरण झालं. पंचशील आलं आणि मी सवयीनं दुसऱ्या शीलापासून सुरुवात केली.

"पयल्यापासून घे," आई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं भाजलेले हात जोडले होते आणि डोळे उघडे होते, उघड्या दारातून राबाकडे लागलेले. मी पहिलं शील म्हटलं. माझ्यामागून दादा म्हणाला. आईचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी थांबले. मग ती एकटीच म्हणाली, एकेक शब्द सुटा करून, आणि संपेपर्यंत मी पुढचं सुरू केलं नाही.